साच्यातले बेडूक

अहो, माणसं येतात आणि तुमच्याबद्दल मलाच सांगतात. कारखान्यातले मोठे साहेब येऊन बसले, तुमच्या फोटोकडे बघत म्हणाले, हनमंतरावांसारखा डाय-फिटर आता मिळायचा नाही. स्टोअरमधले तुमचे सोबती म्हणाले, अण्णांनी कधी कुणाला उलटून बोलल्याचं आठवत नाही. तेव्हा मी पदराआड हसले. आपल्या कमलनं पाहिलं ते. तिला वाटलं, अम्माला रडू फुटलं.

बेडकांबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. साहेबांना ते ठाऊक नसणार, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना मेलेल्या माणसाच्या घरी बेडकांची गोष्ट काढणं बरं दिसणार नाही असं वाटलं असेल. म्हणून मीच काढते. तुमच्याशी बोलायचं तर साहेबांसारखं बोलणं मला जमायचं नाही.

आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, "रविवारी मी घरी नसतो, एवढं एक सोडलं तर माझ्यात खोट नाही." रविवारी तुम्ही यशवंतपूरला गाडीत बसून येलहंक्याला जायचे, तळ्याच्या बांधावर गळ टाकायला. जाताना सोबत मडकं. मडक्याच्या तोंडाला फडकं आणि आत जिवंत बेडूक, आदल्या संध्याकाळी डबक्यातून धरून आणलेले. मरळ मासा मेलेल्या आमिषाला तोंड लावत नाही, त्याला पाण्यावर उडी मारणारा बेडूकच लागतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं. दुसऱ्या महिन्यात फडक्याची गाठ सुटली. दोन बेडूक चुलीमागे सापडले, एक न्हाणीत, आणि एक कुठंच सापडेना. चौथ्या दिवशी मी रागीच्या पिठाचा डबा उघडला आणि तो माझ्या अंगावर आला. मी ओरडले तशी शेजारची अक्का लाटणं घेऊन धावत आली. तुम्ही दारात उभे राहून इतके हसलात, की मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. पीठ फेकून दिलं. तुम्ही गुपचूप नवीन दळून आणलंत.

तेव्हा आपण श्रीरामपुरम्‌च्या दोन खोल्यांत राहत होतो. तुमचे हात काय होते हो! माझ्या माहेरी चिकपेटेत रंगाऱ्यांचं काम, तिथं सगळ्यांचे हात कोपरापर्यंत निळे-तांबडे. तुमचे हात स्वच्छ, नखं बारीक कापलेली, बोटं लांब. माझी आई म्हणाली होती, जावई लोखंडाचं काम करतो म्हणता, मग हात वीणा वाजवणाऱ्यासारखे कसे? तुम्ही तिला सांगितलंत, "अत्ते, लोखंडाला पण हळूच हात लावावा लागतो."

नवं म्हैसूर राज्य झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात प्रेसनं तुमची दोन बोटं घेतली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. तुम्ही डाय, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, बसवून बघत होता आणि दाब खाली आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता. मला बघून म्हणालात, "डाय मात्र बरोबर बसली होती गं."

पुढचं वर्ष मला आठवायचं नाही, पण ते सोडून बाकीचं सांगता येत नाही. कारखान्यानं तुम्हाला काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. हत्यारं द्यायची, हत्यारं परत घ्यायची. ज्या कानशी तुम्ही चालवायचे त्या आता दुसऱ्यांच्या हातात द्यायच्या. घरी येऊन तुम्ही गप्प जेवायचे, डाव्या हातानं. कमल तीन वर्षांची होती. ती पण डाव्या हातानं जेवायला लागली, तेव्हा तुम्ही ताट सोडून उठलात.

एकदा मीच मागे लागून तुम्हाला तळ्यावर पाठवलं. दुपारीच परत आलात. गळाची काठी आढ्याला खोचलीत आणि म्हणालात, "मुनियप्पाला बेडूक लावून द्यावा लागला." मुनियप्पा म्हणजे तुमचा तळ्यावरचा मित्र, तिथंच जाळं टाकून जगणारा. त्यानं प्रेमानंच लावून दिला असणार. पण बुळबुळीत जिवंत बेडूक एका हातात धरायचा आणि दुसऱ्यानं गळ ओवायचा, हे तुमच्या तीन बोटांना जमेना. प्रत्येक वेळी दुसऱ्याला हाक मारायची. तीनदा मारलीत आणि चौथ्यांदा उठून गाडी धरलीत.

ती काठी दोन वर्षं आढ्यालाच राहिली. मी झाडताना कोळिष्टकं काढायची, तुम्ही वर बघायचे नाहीत.

मग एक दिवस तुम्ही स्टोअरमधून एक पक्कड घरी आणलीत. तिच्या मुठींवर लाल मऊ प्लास्टिक चढवलेलं होतं. असली पहिल्यांदाच आली होती. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. "दाबून बघ. मुठीला कातडं नाही, रब्बर नाही, काहीतरी नवीन आहे."

मी भाजी चिरत होते. ओल्या हातानं दाबली आणि एकदम टाकून दिली. "शी! बेडकाला हात लावल्यासारखं वाटतं."

तुम्ही पक्कड उचललीत. पुन्हा दाबलीत. मग ती पाण्याच्या घंगाळात बुडवून, ओली करून दाबलीत. माझ्याकडे बघितलंत ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन वर्षांत तुम्ही माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"बेडूक म्हटलं."

तुम्ही तसेच चपला घालून बाहेर पडलात.

यशवंतपूरला एका शेडमध्ये मुठींवर ते प्लास्टिक चढवायचे. तिथल्या फोरमनला तुम्ही कसं पटवलंत मला कधी सांगितलं नाहीत. संध्याकाळी एक डबा घेऊन आलात. आत पांढरंशुभ्र, दाट, अगदी म्हशीच्या दुधासारखं. कमल म्हणाली, "अण्णा, खरवस करायचा?" तुम्ही म्हणालात, "प्लास्टिकचा."

पहिला साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. कुंभाराकडची माती आणून तुम्ही डाव्या हातानं बेडूक घडवलात, त्याच्यावर प्लास्टर ओतून साच्याचे दोन अर्धे भाग केले. मला तो उंदरासारखा दिसला, पण मी बोलले नाही. प्लास्टिक कढवून आपण त्यात ओतलं आणि साचा फुसफुसला, मग फाडकन उडाला. आतून ओल राहिली होती, तिची वाफ झाली. माझ्या मनगटावर उकळतं प्लास्टिक बसलं. तुम्ही माझा हात घंगाळात धरून बसलात. म्हणालात, "बस. पुरे झालं. हे नाही करायचं."

तेव्हा मी जे बोलले ते तुम्हाला लागलं असणार. मी म्हणाले, "माझा हात भाजला म्हणून थांबता का तुमचा गेला म्हणून?" मनगटावर खोबरेल लावलंत आणि अंगणात जाऊन बसलात. पुढच्या आठवड्यात ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या घेऊन आलात. त्या बोलण्याची माफी मी कधी मागितली नाही. अजूनही मागत नाही. पण ते बोलून मी दाराआडून तुम्हाला अंगणात बघत उभी होते, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

धातूत ओल राहत नाही, पण त्या पट्ट्यांत साचा कोरायला आठ महिने लागले. तुम्ही लोखंड आवळून धरायचा व्हाइस खिडकीच्या कट्ट्यावर बसवलात. उजवा हात जे सहज करायचा ते डाव्याला शिकवायचं होतं. छिन्नी घसरायची. ज्या रेषेला पूर्वी अर्धा तास, तिला रविवार. मी पट्टी धरायची, तुम्ही कोरायचे. एकदा मागचा पाय पूर्ण कोरून झाला आणि शेवटच्या फटक्याला छिन्नी सरकून आरपार ओरखडा गेला. तुम्ही छिन्नी भिंतीवर फेकलीत. मी ती उचलून आणून दिली. तुम्ही पुन्हा फेकलीत. मी पुन्हा आणून दिली. तिसऱ्यांदा तुम्ही ती हातात घेतलीत आणि म्हणालात, "तू दमत नाहीस का गं?" मी म्हटलं, "दमते. पण रविवारी तुम्ही घरी बसलात की जास्त दमते."

साचा झाला. दोन अर्धे भाग एकमेकांवर बसवले की मधली फट नखाला लागत नव्हती. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात आणि नुसते उभे राहिलात. डाय-फिटर परत आला होता, हे मी तेव्हा ओळखलं.

ओतण्यानं काम होईना. बेडकाच्या पायांत, बोटांत प्लास्टिक उतरत नव्हतं. मग तुम्ही गुरांच्या डॉक्टरकडून जुनी पितळी पिचकारी आणलीत, चांगली वीतभर लांब, आत चामड्याचा वॉशर. साचा शिकंज्यात आवळायचा, वरच्या भोकाला पिचकारीचं तोंड लावायचं आणि एका दमात दाबायचं. पहिला बेडूक निघाला तो एका पायाचा. दुसराही तसाच. तुम्ही विचार करून म्हणालात, आतली हवा कोंडते, तिला बाहेर पडायला वाट नाही. मग प्रत्येक पायाच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत केसाएवढी खाच ओढलीत. पुढच्या वेळी साचा उघडला आणि चारी पाय, चारी पंजे, डोळ्यांचे फुगवटेसुद्धा. कमलनं तो तळहातावर घेतला आणि तो लटपट हलला तशी किंचाळली. मी पण.

कढवणं माझ्याकडे आलं, कारण तुम्हाला ते जमत नव्हतं. तुम्ही घड्याळ लावून बसायचे. मी म्हटलं, पाकाला कुणी घड्याळ लावतं का? ते दूध आधी फाटल्यासारखं गुठळ्या धरतं, मग गोळा होतो, घाबरून उतरवायचं नाही, ढवळत राहायचं, मग हळूहळू ते काचेसारखं स्वच्छ होऊन काकवीसारखं धारेला लागतं. तोच क्षण. त्याच्या पुढे गेलं की पिवळं पडतं आणि डोळे झोंबणारा धूर सुटतो. माझं दुधाचं भांडं या कामात गेलं ते गेलंच. तुम्ही नवीन आणून देतो म्हणाला होता.

आणि रंग. तुम्ही माझ्या भावाकडून कापडाचा हिरवा रंग आणलात आणि तो प्लास्टिकमध्ये विरघळेचना, तळाला ठिपके होऊन बसला. तेव्हा मी तुम्हाला बाजूला व्हा म्हटलं. कापडाचा रंग पाण्याचा, तो इथं चालायचा नाही, इथं दगडाचा रंग पाहिजे, खलून खलून मऊ केलेला. नीळ आणि पिवळी पेवडी. माझे आजोबा भिंतींसाठी खलायचे तशी मी खलली, त्याच प्लास्टिकच्या दुधाच्या दोन थेंबांत. पोटाकडं पेवडी जास्त, पाठीवर काजळाचे ठिपके. बाहेर आला तो चिखलात बसलेला खराखुरा बेडूक. शिवाय पेवडीचा एक गुण निघाला. आच जास्त झाली की ती तांबूस व्हायला लागते, म्हणजे धूर सुटायच्या आधीच कळतं. तुम्ही म्हणालात, "सुभद्रे, हे तर रंगातच थर्मामीटर." त्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने खल चालवला.

तो बुडायचा. बादलीत टाकला की सरळ तळाला. बुडणारा बेडूक मरळीच्या काय कामाचा? औषधाच्या बाटलीचं बूच कापून आत घालायची कल्पना तुमची होती, ती तुमचीच. साच्यात दोन बारीक टाचण्यांवर बूच अधांतरी धरायचं आणि चहूबाजूंनी प्लास्टिक जायचं. मग तो तरंगला. नाक वर, पाय खाली.

त्या रविवारी मी तुमच्याबरोबर येलहंक्याला आले. पहिल्यांदाच. कमलला शेजारच्या अक्काकडे ठेवलं. गळ तुम्ही घरीच, निवांत बसून, बेडकाच्या पोटातून पाठीवर ओवला होता. कुणाला हाक मारायची गरज नव्हती. मुनियप्पा जाळं सांधत बसला होता. त्यानं बेडूक हातात घेतला, उलटा केला, वास घेतला.

"एनण्णा इदु?" हे काय आहे म्हणून त्यानं विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, मासे काय लहान पोरं आहेत, खेळणं घ्यायला?"

डाव्या हातानं काठी फिरवलीत आणि बेडूक कमळाच्या पानांपलीकडे पडला. तुम्ही दोऱ्याला बारीक हिसके देत होता. तो पोहत होता! मागचे पाय झाडत, अगदी तसाच. एकदा पानावर चढला, पानावरून पाण्यात पडला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा काही झालं नाही. पाचव्या-सहाव्यांदा मुनियप्पा पुन्हा जाळ्याकडे वळला, आणि तेवढ्यात पाणी फुटलं. घागर आपटावी तसा आवाज झाला. काठी वाकली. तुम्ही ओरडलात, "सुभद्रे, धर!" आणि मी तुमच्या उजव्या हाताच्या जागी काठीला हात घातला. दोघांनी मिळून ती मरळ ओढली. बांधावर येऊन आपटली तेव्हा माझ्या हाताएवढी होती. बेडूक तिच्या तोंडात तसाच, एक ओरखडा पडलेला. तुम्ही तो बाहेर काढून धुतलात आणि म्हणालात, "हा मरत पण नाही." मुनियप्पानं कपाळाला हात लावला. मग तिघंही हसत सुटलो. गाडीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि येलहंक्यापासून यशवंतपूरपर्यंत सलग बोलत होता. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं.

आता आपलं भांडण. ते मी सोडणार नाही.

तळ्यावरचे लोक बेडूक मागायला लागले. मग चिकपेटेत, माझ्या माहेरच्याच गल्लीत, गळ आणि नायलॉनचा दोरा विकणारे शेट्टर होते त्यांच्याकडे आपण डझनभर घेऊन गेलो. त्यांनी एक बेडूक ताणून बघितला, सोडून बघितला. "फार झकास. कोण बनवतं हो हे?"

तुम्ही म्हणालात, "मीच. साचा माझा, काम माझं."

मी शेजारी उभी होते. टोपली माझ्या हातात होती. शेट्टर मला म्हणाले, "अक्का, बसा ना, कॉफी घ्या." मी कॉफी घेतली.

तीन दिवस तुम्ही विचारत होता, काय झालं, आणि मी म्हणत होते, काही नाही. रविवारी तुम्ही डबा काढलात तर मी तांदूळ निवडत बसले. तुम्ही एकट्यानं कढवायला घेतलंत. तांबूस झालं ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही साच्याकडे बघत होता. घरभर धूर झाला. कमल खोकायला लागली. मी चिमट्यानं भांडं उचलून अंगणात नेऊन ठेवलं आणि परत येऊन विचारलं, "कुणी केले बेडूक?"

"म्हणजे?"

"शेट्टरांना काय सांगितलंत?"

तुम्ही खरंच गोंधळलात. "अगं, मी म्हटलं म्हणजे त्यात तू आलीसच. मी जेवलो म्हटलं तर स्वयंपाक बायकोनं केला हे काय वेगळं सांगत बसतात?"

"सांगावं," मी म्हटलं.

"नवरा-बायकोत मी आणि तू असतं का?"

"शेट्टरांनी बेडूक तुमच्याकडे मागितले, मला कॉफी दिली. म्हणजे असतं."

हरलो असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पुढच्या वेळी कुणी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे बनतात." कोण बनवतं ते गुलदस्त्यातच! मी घरी येऊन म्हटलं, हे काय शहाणपण? तुम्ही म्हणालात, "सरी, बरं बाई, आमच्याकडे म्हणजे दोघं झाली ना?" किती वर्षं चाललं ते. कधी भांडून, कधी हसून. लग्नाघरी कुणी जेवणाची वाखाणणी केली की तुम्ही मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणायचे, "मी जेवलो, पण केलं कुणी ते विचारून घ्या." तुम्ही चेष्टेवर नेलंत, पण साधं एक वाक्य, "रंग हिचा," हे चारचौघांत माझ्या समोर कधी म्हणाला नाहीत. मला राग आहे अजून. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागवते.

आणि दुसरं भांडण धुराचं. ते मी चेष्टेवर नेऊ दिलं नाही. त्या दिवसापासून शेगडी अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली नेली. तरी काही बिघडलं की तुम्ही मला हातानं मागे सारायचे आणि स्वतः भांड्यावर वाकायचे. मी म्हणायची, सोडून द्या, जळू दे. तुम्ही म्हणायचे, "स्वल्प धूर गं, त्याला काय होतंय." हिवाळ्यात तुम्हाला खोकला धरायचा. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, या वेळी पण विचारलं. ते म्हणाले, हृदयाचं दुखणं, त्याचा याच्याशी संबंध नाही. मी मान हलवली. पण रंग मी खलला होता. बेडूक म्हटलं होतं ते मी. माझ्या मनातून हे जात नाही, आणि तुम्ही असता तर "वेडी आहेस" म्हणाला असता, तेवढंही म्हणायला इथं कुणी नाही.

तरी मी आढ्याला खोचलेली काठी आठवते. ती दोन वर्षं आठवते. बेडकांनी मला माझा माणूस परत आणून दिला, चांगली आठ-नऊ वर्षं दिला, हेही खरं. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही घेऊन बसले आहे.

तेराव्यानंतर मुनियप्पा आला होता. आत यायला तयार नव्हता, पायरीवरच बसला. तुमची स्तुती वगैरे केली नाही. मी वाढलेलं जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "अक्का, बांधावरची ती जागा मी कुणाला बसायला देत नाही." मग लाजला आणि निघून गेला.

गेल्या रविवारी कमल म्हणाली, साचा काढू का? ती आता तुमच्या खांद्याएवढी झाली आहे, तुम्हाला काय सांगायचं. तिनं शिकंजा आवळला, मी कढवलं. तिनं पिचकारी घाबरत घाबरत दाबली, म्हणून पहिले दोन अर्धेच निघाले. तिसऱ्याला मी तिला म्हटलं, एका दमात. अकरा चांगले निघाले. तिला पाठीवर काजळाऐवजी तांबडे ठिपके हवे होते. मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं.

एक गोष्ट राहिली. ती इथं कुणालाच सांगितली नाही.

या शेवटच्या वेळी दवाखान्यात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं होतं. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काहीतरी सांगाल. कमलचं, घराचं, माझं. तुम्ही हळूच विचारलंत, "पिचकारीच्या वॉशरला तेल लावलंस का?"

मी म्हटलं, "लावलं."

"चामडं सुकतं गं. सुकलं की तडकतं."

"लावलं म्हटलं ना."

तुम्ही डोळे मिटलेत. मी खोटं बोलले होते. तुम्हाला दवाखान्यात घेऊन आल्यापासून मी त्या पिचकारीकडे बघितलंही नव्हतं. तिथं बसवेना. कमलला तुमच्याजवळ बसवून मी बसनं घरी गेले. भर दुपार होती. पिचकारी फळीवर तशीच होती. वॉशर काढला, कडक झाला होता, पण तडकला नव्हता. खोबरेलाचे चार थेंब घालून मी तो बोटांनी मळत बसले, मऊ होईपर्यंत. माझं ते रडणं तिथंच झालं, नंतर मला फारसं रडू आलं नाही. मग हात पुसले आणि पुन्हा बस धरली.

मी आले तेव्हा तुम्ही झोपला होता. श्वास मोठा झाला होता. कमल म्हणाली, अण्णा मघापासून असेच आहेत. मी तुमच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अहो, सकाळी खोटं बोलले होते. आत्ता जाऊन लावून आले. चांगलं मऊ झालंय."

तुमच्या पापण्या हलल्या असं मला वाटलं. कमल म्हणते, नाही हलल्या. संध्याकाळी दिवे लागायच्या आत तुम्ही गेलात.

ऐकलंत ना हो?